खामगावचा ट्रंक कॉल

तिसऱ्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या होस्टेलच्या निम्म्या मुलींनी 'बिझनेस लॉ' घेतला. कारण एकच! प्रॅक्टिकल नाही, जर्नल नाही, सबमिशनच्या आठवड्यात सहीसाठी कुणाच्या मागे पळायचं नाही. मीही त्याच गर्दीतली. कायद्याची आवड वगैरे म्हणाल तर शून्य.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'कन्सिडरेशनशिवाय करार नाही.' बाकावर लगेच कुजबुज, "विचार न करता करार करतंच कोण?" आम्ही बऱ्याचजणी कॉन्व्हेंटच्या, इंग्रजी शब्द ओळखीचा, पण त्याचा कायद्यातला अर्थ भलताच. मग मी लायब्ररीतून मराठी पुस्तक काढलं. त्यात शब्द सापडला 'प्रतिफल'. तू मला काही देणार, त्याच्या बदल्यात मी तुला काही देणार, ते प्रतिफल. किती सरळ! मात्र त्याच पुस्तकात कराराला 'संविदा' म्हटलंय. रूममेट म्हणाली, हे तर एखाद्या मुलीचं नाव वाटतं.

तर १८७२ चा भारतीय करार कायदा. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा. दोघं सज्ञान हवेत, शुद्धीवर हवेत, संमती राजीखुशीची हवी, प्रतिफल हवं आणि काम कायदेशीर हवं. झाला करार. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात ठरवलं की अज्ञानाने, म्हणजे अठराच्या आतल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल. तिथे तर घर गहाण ठेवून पैसे घेतले होते, आणि सावकार हात चोळत बसला. फर्स्ट इयरच्या सतरा वर्षांच्या पोरांना उधार देणाऱ्या टपरीवाल्यांनी ही केस जरूर वाचावी! मॅचवर लावलेली पैज कलम ३० ने रद्द. आणि 'प्लेसमेंट झाली की पार्टी देतो' या वचनावर कोर्टात जाता येत नाही, कारण कायद्याने बांधून घ्यायचा इरादाच तिथे नसतो. असो.

पण एका वाक्याने माझं लक्ष जागं झालं. सर म्हणाले, "करार तोंडीही होतो. कागद हा कराराचा पुरावा आहे, कागद म्हणजे करार नव्हे."

आता हे माझ्या मामांना कोण सांगणार?

धावडा हे माझं आजोळ. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेलं गाव. आमच्या त्या भागात मिरची फार. जवळच पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो. पण बाजारात न नेता शेतावरूनच माल देणारेही खूप. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हापासून तर सौदे फोनवरच होतात. गेल्या वर्षी श्रावणात घाटाखालच्या एका व्यापाऱ्याचा मामांना फोन आला. "हिरवी मिरची चाळीसने घेतो, अठरा क्विंटल, सकाळी गाडी पाठवतो, शेतातच मोजू, शेतातच पैसे." मामा म्हणाले, "दिली." रातोरात मजूर सांगितले, उजाडायच्या आत तोडा सुरू, दहापर्यंत गोण्या बांधावर. गाडी आलीच नाही. दुपारी फोन लागला तर उत्तर काय, "भाव पडला मामा, बावीसने देत असाल तर बोला."

हिरवी मिरची काही सोनं नाही कपाटात ठेवायला. संध्याकाळपर्यंत धावपळ करून मामांनी ती दुसऱ्याला चोवीसने दिली. किलोमागे सोळा रुपये गेले. अठरा क्विंटलचे अठ्ठावीस हजार आठशे. तोडणीची मजुरी द्यायची होतीच.

मी दिवाळीला गेले तेव्हा विषय निघाला. मामा म्हणाले, "अगं माय, शब्दावर गेलो. कागुद ना पत्तर, कोन कोर्टात उभं करतंय आपल्याला?"

हा समज एकट्या मामांचा नाही. शेतकरी माणसाचा मोठा कागद म्हणजे जमिनीचा. खरेदीखत, रजिस्ट्री, सातबारा. जमिनीच्या विक्रीला नोंदलेला कागद लागतोच, म्हणून वाटतं मिरचीलाही लागतो. लागत नाही! मिरची हा 'माल' आहे, आणि मालाचा सौदा तोंडी झाला तरी तो पक्का.

याच विषयावरची केस सरांनी आम्हाला वाचायला दिली आणि मी खुर्चीतून उठलेच, कारण ती निघाली खामगावची. आमच्या भोकरदन तालुक्याची हद्द बुलढाणा जिल्ह्याला लागते आणि खामगाव त्याच जिल्ह्यात. म्हणजे शेजारचीच गोष्ट! जुलै १९५९. अहमदाबादच्या गिरधारीलाल पुरुषोत्तमदास कंपनीने ट्रंक कॉल लावून खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीकडून सरकीची पेंड घ्यायचं ठरवलं. माल काही पोचला नाही. कंपनीने अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकर म्हणाले, दावा इथे चालूच शकत नाही. आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात, माल द्यायचा खामगावात, पैसे घ्यायचे खामगावात. करार खामगावचा, मग आम्ही अहमदाबादला का यायचं?

मित्रांनो, गंमत बघा. कायदा १८७२ चा आणि ग्रॅहॅम बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं पोस्टातलं पत्र. पत्राचा नियम असा की स्वीकृतीचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव ठेवणारा बांधला गेला, आणि करार जिथे पत्र टाकलं तिथला. मग टेलिफोनवरचं 'हो' हे पेटीत टाकलेलं पत्र समजायचं का समोरासमोरचं बोलणं?

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला, तोही दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती वांछू आणि शाह यांनी सांगितलं की टेलिफोन म्हणजे समोरासमोर बोलण्यासारखंच. स्वीकृती समोरच्याला ऐकू आली की करार, आणि जिथे ऐकू आली तिथे करार. बाकी सगळं खामगावात होतं, अहमदाबादेत होता तो फक्त कान. पण करार झाला अहमदाबादला! न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, कलम ४ चे शब्द वाचा. स्वीकारणाऱ्याच्या हातून स्वीकृती सुटली की प्रस्तावकापुरती ती पूर्ण झाली. म्हणजे करार खामगावचाच.

कॉम्प्युटर नेटवर्क्सवाल्यांना हे लगेच कळेल. बहुमताचं म्हणणं 'ॲक्नॉलेजमेंट पोचल्याशिवाय कनेक्शन नाही' असं, तर हिदायतुल्लांचं 'पॅकेट पाठवलं की माझं काम झालं' असं. इंजिनिअर म्हणून माझं मत बहुमताच्या बाजूने. इंग्लंडमध्ये लॉर्ड डेनिंग यांनी १९५५ च्या एका खटल्यात उदाहरण दिलं होतं. नदीपलीकडून कुणी उत्तर दिलं आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, तर ऐकू येईपर्यंत करार नाही. धावड्याला विमानाची गरज नाही, रेंज पुरते. मामा सौदा करायला नेहमी गच्चीवर जातात, आणि "ऐकू आलं का? दिली म्हणलं, दिली!" असं तीनदा ओरडतात. तीनदा ओरडणं म्हणजे बहुमताचा निकाल पाळणंच की!

तर मी मामांना हिशोब मांडून दाखवला. प्रस्ताव त्याचा, 'दिली' तुमची, त्याला ऐकू आली, करार झाला. बहुमताच्या नियमाने तो घाटाखाली झाला. पण माल आणि पैसे दोन्ही धावड्याच्या शेतात ठरले होते, म्हणजे दाव्याचं कारण अंशतः इथेही घडलं, तेव्हा भोकरदनच्या कोर्टातही दावा मांडता येतो. नुकसान किती? कलम ७३ खाली कायद्यातच पन्नास मण तांदळाचं उदाहरण आहे. घेणारा फिरला तर ठरलेला भाव आणि त्या वेळी मिळू शकणारा भाव यातला फरक विकणाऱ्याला मिळतो. आणि माल सडू न देता विकून टाकला हे मामांनी कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं केलं, कारण नुकसान आवरायचा प्रयत्न तुम्ही केला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. मुदत तीन वर्षांची.

"आन् पुरावा?" मामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

पुरावा मामींकडे निघाला. त्या रात्री व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकला होता, "मामा, चाळीसचा भाव, गोण्या तयार ठेवा, गाडी सातला." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशी नोंद पुरावा म्हणून चालते, सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र जोडावं लागतं. मला वाटलं, जिंकलो! भोकरदनला वकिलाकडे जायची तयारी मी करू लागले.

मामा हसले. म्हणाले, "दावा लावीन माय. पन पुढच्या हंगामाला गाडी कोन पाठविल?"

याला कलम नाही. व्यवसायाच्या कायद्याचं पुस्तक दोन अनोळखी माणसं धरून चालतं, जी एकदा सौदा करतात आणि आपापल्या घरी जातात. धावड्यात तीच दोन माणसं दर पावसाळ्यात परत भेटतात, आणि त्यातल्या एकाकडे गाडी आहे, दुसऱ्याकडे सडणारा माल. सरांना मी हे विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येणार नाही."

मामांनी दावा लावलेला नाही. मामींनी तो व्हॉइस मेसेज माझ्या मोबाईलवर पाठवून ठेवलाय. यंदा तोडणीच्या आधी त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. मामा गच्चीवर गेले, ऐकून घेतलं, आणि या वेळी 'दिली' म्हणाले नाहीत. म्हणाले, "भाव अन् वजन लिहून पाठवा, थोडा इसार टाका, मग सांगतो."

त्याने लिहून पाठवलं, इसारही टाकला. भाव मात्र बाजारापेक्षा दोन रुपयांनी कमी लिहिला होता.