राखण

दिवाळीत आमच्या घरी फटाके वाजत नाहीत. शेजारीपाजारी कारण विचारतात तेव्हा मी धुराचे नाव पुढे करतो. हल्ली ते कारण सर्वांना पटतेही. पण ते खरे कारण नव्हे. खरे कारण सांगायचे तर घटकाभर बसावे लागते, आणि फराळाचे ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला ते कसे सांगणार? आज वाचक दिवाळी अंक घेऊन निवांत बसलेलेच आहेत. तेव्हा सांगून टाकतो.

गोष्ट १९९१ च्या दिवाळीची. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणारे. माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून त्याच वर्षी पलटणीतून घरी आले होते. पूर्वी ते सुटीवर येत तेव्हा आम्हां पोरांची चंगळ असे. नानांची गोफण साऱ्या शिवारात नावाजलेली. ज्वारी हुरड्यात आली की ते माळ्यावर चढत आणि गोफणीचा असा आवाज काढत की शेजारच्या रानातली पाखरेसुद्धा उठावीत. एस.टी.तून उतरताना ती काळी ट्रंक दिसली की आम्ही वेशीपर्यंत धावत सुटत असू.

पण या खेपेला आलेले नाना निराळेच होते. ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. रात्री झोपत नसत. डोळा लागलाच तर ओरडत उठत. साखर कारखान्याचा भोंगा झाला की त्यांच्या हातातला चहा सांडे. आणि सर्वांत विचित्र म्हणजे, ते नांगरलेल्या रानात पाऊल ठेवीत नसत. विहिरीवर जायचे तर मधून वाट असताना बांधाबांधाने लांबचा वळसा घेऊन जात. नव्याने उकरलेली माती दिसली की जागच्या जागी थबकत. आता शेतकऱ्याच्या घरात नांगरटीला पाय न लावणाऱ्या माणसाला काय म्हणायचे? माझ्या वडिलांनी एकच शब्द वापरला. ते म्हणत, "आळशी झालाय. सरकारनं बसून खायला शिकवलंय त्याला."

गावाचे मत त्याहून पुढचे होते. एकाहत्तरच्या लढाईतून आलेल्या जवानाची गावात मिरवणूक निघाली होती, हे जुनी माणसे कौतुकाने सांगत. नानांची लढाई मात्र कुणाला ठाऊकच नव्हती. १९८७ च्या जुलैत श्रीलंकेशी करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली; शांतता राखायला गेलेली फौज थोड्याच महिन्यांत लढाईत गुंतली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तोवर बाराशेच्या आसपास जवान कामी आले होते. मद्रासच्या बंदरात परतलेल्या फौजेच्या स्वागताला त्या राज्याचे मुख्यमंत्रीही गेले नाहीत. मग आमच्या पारावर बसणाऱ्यांना दोष काय द्यायचा? ते विचारीत, "लढाई तर कुठं झालीच न्हाई, मग याला झालं काय?" कुणी बाधा म्हणे, कुणी करणी म्हणे. आजीने देवऋषी आणून लिंबू उतरवले, नारळ फोडला. आम्ही पोरे तर नाना दिसले की एकमेकांना डोळा मारून म्हणत असू, "येरवड्याची गाडी आली!" पुणे जिल्ह्यात हा शब्द पोरांना कुणी शिकवावा लागत नाही.

एकट्या काकीने मात्र कुणाला काही विचारले नाही. ती नानांना कधी अचानक हाक मारीत नसे, पाठीमागून हात लावीत नसे. ते खोलीत असले की दाराआड थांबून आधी बांगड्या वाजवी, मगच आत जाई. रात्री ते ओरडत उठले तर दूर उंबऱ्याशी बसून हळू आवाजात म्हणे, "घरी हाईसा. मी हाय हितं." बैल गोठ्यात हाय, कालव्याला पाणी आलंय, असे काहीबाही सांगत राही. ती शाळेत गेलेली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाना अंगणात पाठमोरे बसले होते. मी आणि माझ्या मित्रांनी एक सुतळी बॉम्ब त्यांच्या मागे लावला. त्यांची फजिती पाहायची, एवढाच बेत. वात पेटवून पळताना मी ठेचकाळलो आणि तिथेच पडलो. बॉम्ब फुटला. पुढच्या क्षणी माझ्या अंगावर काहीतरी जड कोसळले. ते नाना होते. त्यांनी मला संपूर्ण झाकून घेतले होते. माझे डोके त्यांच्या छातीखाली होते, आणि त्यांचे काळीज इतके धडधडत होते की मला वाटले ते माझेच आहे. "हलू नको, हलू नको," एवढेच ते म्हणत होते.

अंगण हसत होते. पोरे हसली, ओसरीवरची मोठी माणसे हसली. नाना उठले, माझे हातपाय चाचपून पाहिले आणि कुणाकडे न बघता गोठ्यात निघून गेले. ती रात्र त्यांनी तिथेच काढली. मला कुणी रागावले नाही. कुणीतरी रागवायला हवे होते, असे मला आजही वाटते.

त्यानंतर मी नानांच्या मागे मागे राहू लागलो. माफी मागण्याचे शब्द येत नव्हते. म्हणून नुसता सोबतीला बसे. चार-पाच वर्षांनी, मी दहावीला असताना, एकदा कालव्याच्या कडेला बसलो होतो तेव्हा ते आपण होऊन बोलले. जाफन्यात रस्त्यांत सुरुंग पेरलेले असत. कुठे माती नवी दिसली की समजावे. "म्होरं चालायची पाळी त्या दिशी माझी व्हती," ते म्हणाले. "मला ताप व्हता. माझा जोडीदार म्हणाला, आज मी चालतो." एवढे बोलून ते गप्प बसले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "नांगरट बघितली की वाटतं, आता कोण म्होरं हाय?"

मी घरी येऊन ते वडिलांना सांगितले. वडील काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा ते घरात नव्हते. मी रानात गेलो. आदल्याच दिवशी नांगरलेल्या वावरात माझे वडील घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून घरापर्यंत येरझारा घालीत होते. ढेकळे पायांनी फोडीत, माती तुडवीत, त्यांनी एक पायवाट पाडली. उजाडल्यावर नाना आले तेव्हा वडील वाटेच्या मध्यावर उभे राहून म्हणाले, "नाना, हितनं चल. मी म्होरं चालतो." नाना बराच वेळ बांधावर उभे होते. मग उतरले. त्या वर्षापासून प्रत्येक नांगरटीनंतर वडील ती वाट तुडवून देत. नानांना पुन्हा कुणी आळशी म्हटले नाही.

पुढे मी शिक्षक झालो, कथा-कादंबऱ्या लिहू लागलो, आणि नानांच्या दुखण्याला जगात नाव आहे हे मला कळले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी त्याला 'शेल शॉक' म्हणून वैद्यकीय नियतकालिकात स्थान दिले. त्याच युद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली इंग्रजांनी आपल्याच सैन्यातल्या ३०६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले किती जण नानांसारखे असतील, कोण जाणे. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली, नव्वद वर्षांनी! अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने या दुखण्याला आजचे नाव दिले ते १९८० साली, व्हिएतनामची लढाई संपल्यावर. मराठीत त्याला आघातोत्तर ताण म्हणतात.

बारामतीच्या एका डॉक्टर स्नेह्यांनी ते मला समजावून सांगितले तेव्हा मला नानांची गोफणच आठवली. सुगी संपली, कणसे खुडून खळ्यावर गेली, पाखरेही उडून गेली. पण माळ्यावरच्या राखणदाराला कुणी सांगितलेच नाही की, बाबा, आता खाली उतर. तो तसाच गोफण ताणून रात्रंदिवस उभा आहे. पान हलले तरी दगड मारतो. याला भित्रेपणा कसे म्हणावे? राखण चोख केली म्हणूनच तर उतरता येत नाही. डॉक्टर म्हणाले की प्रत्येक जवानाला हे होते असे नाही. आणि ज्याला होते त्याला उपचार आहेत. जाणत्या माणसापाशी बसून हळूहळू बोलते व्हावे लागते, काहींना औषधे लागतात, आणि पुष्कळजण सावरतात. मात्र "विसरून जा" असे सांगून कुणी सावरत नाही.

आपण तर तेच सांगतो. लढाईत पाय गेला तर पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीत पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी निवारा आहे. १९६५ च्या लढाईत जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक आणले, आणि उशिरा का होईना, देशाने त्यांना पद्मश्री दिली. दिसणाऱ्या जखमेपुढे आपण हात जोडतो. न दिसणाऱ्या जखमेला हसतो. आमच्या शाळेत दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे छोटे झेंडे येतात. मुले खिशाला लावतात, मी निधी गोळा करतो. पण पैशाने होते ते काम निराळे, आणि ओसरीवरच्या माणसांनी करायचे ते निराळे.

आणि हे दुखणे काही जवानांचेच नाही. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला; गणपती विसर्जनाहून परतून झोपलेली हजारो माणसे घरांखाली गेली. वाचलेल्यांतले कित्येक जण पुढे किती तरी दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हते. आमच्याच भागातले सांगायचे तर, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात, कुगाव आणि कळाशीच्या मध्ये, वादळात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. भीमाकाठची मुले आमच्या शाळेत येतात. त्या जूनमध्ये शाळा भरली तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी, वारा सुटला की बाकावरून उठून दाराशी जाऊन उभी राही. ती बोटीत नव्हती. पण काठावरची धावाधाव तिने पाहिली होती. वर्ग हसला. त्या हसण्याबरोबर मला ते १९९१ चे अंगण दिसले.

मी फार काही केले नाही. तिचा बाक दाराजवळ घेतला. आभाळ भरून आले की तिला आधीच सांगू लागलो, "बाई, आता वारा सुटेल, खिडकी आपटेल, मी इथेच आहे." काकीच्या बांगड्याच त्या! वर्गाला नानांची गोष्ट सांगितली. हसणाऱ्या पोरांतलाच एक उठून खिडकीला खुंटी लावू लागला. तिच्या आईवडिलांना मी १४४१६ हा क्रमांक दिला. २०२२ पासून सरकारने मनाच्या दुखण्यासाठी ही फोनची सोय केली आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते. पुढे ते तिला घेऊन डॉक्टरांकडेही गेले. ती अजून बोटीत बसत नाही. पण वारा सुटला तरी आता बाकावर बसून राहते.

नाना २०१९ साली गेले. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक उभे राहिले. श्रीलंकेत पडलेल्यांची नावेही तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. नानांच्या जोडीदाराचे नाव तिथे असणार. नानांचे नसणार, ते घरी परत आले होते.

आमच्या आळीतल्या पोरांना मी जुनी सवय लावून ठेवली आहे. फटाका लावण्याआधी ती आमच्या दाराशी येऊन ओरडतात, "सर, लावतोय हं!" आता घरात दचकणारे कुणी उरलेले नाही. तरी दर दिवाळीला ती येतात, ओरडतात. मग काकी आतून म्हणते, "लावा रे, बाळांनो," आणि मी दाराशी जाऊन उभा राहतो.