अंगठीतून न गेलेली शाल

काश्मीरला बदली झालेल्या मराठी माणसाकडून घरच्या मंडळींच्या दोनच अपेक्षा असतात : केशर आणि शाल. केशर आम्ही टपालाने धाडले. शाल मात्र २०११ साली रजेवर येताना स्वतः आणली आणि सांगलीच्या घरी, सर्वांदेखत, ती सौभाग्यवतींच्या अंगठीतून ओढू लागलो. अस्सल पश्मिना अंगठीतून जाते, असे आम्ही ऐकून होतो. आमची शाल निम्म्यावर अडकली. आपण फसलो, असे आम्ही तिथल्या तिथे जाहीर करून टाकले.

आईने निमूटपणे शालीची घडी घालून ती पेटीत ठेवली. पुढे केवढीही थंडी पडो, तिने ती अंगावर घेतली नाही. ती दिसली की आमचा चेहरा उतरतो, हे तिने हेरले असावे.

गेल्या वर्षी आमची बदली दिल्लीला झाली, तेव्हा तिथल्या थंडीच्या धास्तीने तिनेच ती आमच्या सामानात घातली. आमचे तिथले शेजारी वस्त्रविद्येचे अध्यापक. त्यांनी शालीच्या दशीतले दोन धागे उकलून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. शेजारी मेंढीच्या लोकरीचा तंतू ठेवला.

केस म्हणजे गुळगुळीत तार, अशी आमची समजूत. पाहतो तो दोन्ही तंतू कौलारू! एकावर एक चढलेले खवले. पण मेंढीच्या तंतूवर ते दाट, शंभर मायक्रॉनांत दहाच्या आसपास, आणि त्यांच्या कडा जाड, उचललेल्या. आमच्या शालीच्या तंतूवर तेवढ्याच लांबीत सहा-सात; कडा अर्ध्या मायक्रॉनहून पातळ, अंगालगत निजलेल्या. बोटाला लागणारा मऊपणा तो हाच. तंतूची जाडी चौदा मायक्रॉन. माणसाचा केस याच्या चौपट-पाचपट. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बकरीच्या राठ केसांखाली हिवाळ्यात ही लव दाटते आणि वसंतात गळू लागली की चांगपा मेंढपाळ ती विंचरून काढतात.

मग अंगठीचे काय? अध्यापक हसले. अंगठीतून काय जाईल, हे विणीच्या व भरतकामाच्या जाडीवर ठरते. विरळ विणीची साधी शालही जाते. आमच्या शालीला तर वीतभर भरतकाम! श्रीनगरला तंतू तपासून शिक्का देणारे केंद्र निघाले २०१३ साली. आमचा न्यायनिवाडा त्याआधीच उरकला होता. त्या दुकानदाराला मनातल्या मनात वाहिलेली लाखोली आता कुठल्या पत्त्यावर परत मागावी?

रजा मिळाली ती नेमकी मे महिन्यात. सगळे ऐकून आईने शाल खांद्यावर घेतली आणि पंखा वाढवायला सांगितला.

"हलकी आहे रे अगदी," ती म्हणाली.