नेमाची रायफल, खिशाचा हिशेब

दुकानदार आधी वेग सांगतो. 'सेकंदाला हजार फूट, साहेब!' दहा मीटरच्या नेमबाजीत या हजाराचं काय करायचं? ऑलिंपिकच्या एअर रायफलींचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने जातो, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आसपास. कागदाला स्वच्छ भोक पडायला तेवढा वेग पुरतो.

*

टार्गेट अख्खं ४५.५ मिलिमीटरचं आणि त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा. पण शर्यत आता १०.९ पर्यंतच्या दशांशांची. रायफलीकडून मागायचं ते एवढंच: छर्रा रोज त्याच जागी जावा.

*

स्प्रिंगची रायफल स्वस्त, पण लहरी. पिस्टन पुढे आदळतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. घट्ट धरली तर छर्रे एकीकडे, सैल धरली तर दुसरीकडे. शिकाऊ पोराला वाटतं, आपलाच हात वाईट. ओपन साईटच्या (साध्या खाचेतून नेम धरायच्या) स्पर्धेपुरती ती चालते. पुढे जायचं असेल तर तिच्यात पैसे अडकवू नयेत. अपवाद जुन्या फाइनवेर्कबाउ ३०० चा. तीही स्प्रिंगचीच, पण तिची यंत्रणा दस्त्यावर मागे सरकते आणि धक्का खांद्यापर्यंत येत नाही. चांगल्या अवस्थेत कुणाकडे मिळाली तर फार विचार करू नये.

*

कॉम्प्रेस्ड हवेची सेकंडहॅण्ड मॅच रायफल (वॉल्थर, आन्शुट्झ, फाइनवेर्कबाउ) हा माझ्या मते खरा काटकसरीचा सौदा. नळी सहसा झिजत नाही. सील जातात, ते बदलता येतात. खर्च लपलेला असतो तो हवेच्या सिलिंडरमध्ये. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि वापराची मुदत दहा वर्षं. विकणारा रायफलीच्या चकाकीबद्दल बोलत राहतो, सिलिंडरबद्दल गप्प. २०० बारपर्यंत हवा भरायची सोय क्लबात आहे का, तेही आधी विचारावं. नाहीतर पंपाचा खर्च वेगळा.

*

तपासणी रेंजवरच करायची, तीही हाताने नव्हे. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून पाच-पाच छर्रे मारायचे. भोकं एकात एक मिसळायला हवीत. न मिसळली तर रायफलीला दोष देण्याआधी छर्रे बदलून पाहा. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, एवढ्यानेही भोकांचा ग्रुप पसरतो. एका नळीला गोड लागणारी बॅच दुसरीला मानवत नाही. जमलेल्या बॅचचे डबे एकदमच घेऊन ठेवावेत.

*

बारा वर्षांच्या मुलासाठी रायफल घेणाऱ्या पालकांना: थांबा. नियमात साडेपाच किलोपर्यंतची रायफल बसते. ते वजन त्या खांद्याला कशाला? दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू कमी-जास्त करता येत नसेल तर नेम पक्का असूनही मान अवघडते. पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरू द्या. संस्थेच्या आधारानेही खूप पुढे जाता येतं: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. (त्याचा प्रकार ५० मीटरचा, .२२ रायफलीचा, तिथे शस्त्रपरवाना लागतो, म्हणजे हिशेबच निराळा.)

*

पैसे कमी पडत असतील तर कापायचे ते रंगात, ब्रँडच्या नव्या मॉडेलमध्ये आणि वेगात. ट्रिगर, पीप साईट (बारीक भोकातून नेम धरायचं साधन) आणि छर्रे यांत नाही. आणि सिलिंडरवरची तारीख स्वतः वाचल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.