मेगापिक्सेल नंतर, आधी तारीख

दसरा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "दादा, कॅमेऱ्याला चांगला फोन कोणता?" मी फोन विकत नाही, दुरुस्त करतो. पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि दिवसभर टेबलाशी बसून फोन उघडायचे, हे माझं काम. त्यामुळे नवा फोन कसा दिसतो यापेक्षा जुना फोन कशाने जातो, हे मला जास्त जवळून दिसतं. कॅमेरा बिघडला म्हणून चांगला फोन टाकून द्यावा लागला, असं क्वचितच घडतं. फोन जातो तो बॅटरी थकल्याने, पडून फुटल्याने, नाहीतर अपडेट बंद झाल्याने. आणि दुकानात उभं असताना नेमकं याबद्दल कुणी विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षिका आल्या. "चाळीस टक्के चार्जिंग दाखवतो आणि फोटो काढायला गेलं की बंद पडतो. मुलगा म्हणतो, आता नवाच घे." फोन तीन वर्षांचा, स्क्रीनवर एक ओरखडा नाही. मागचं पॅनल मात्र एका कडेला उचललं गेलं होतं. नख जाईल एवढी फट. पॅनल गरम केलं, पातळ पत्ती फिरवून उघडलं, तर आत बॅटरी मधोमध फुगून वर आलेली. बॅटरी बदलली, फट आपोआप मिटली. नव्या फोनच्या किमतीचा अगदी छोटा हिस्सा खर्च झाला. त्या बाई तोच फोन आजही वापरतात.

चाळीस टक्के असताना फोन बंद का पडावा? लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी घडतात. तिची साठवण घटते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. फ्लॅश, कॅमेरा आणि प्रोसेसर एकदम वीज मागतात, त्या क्षणी व्होल्टेज झपकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. स्क्रीनवरचा टक्का हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो. जुन्या बॅटरीच्या बाबतीत तो अंदाज चुकतो.

ही गोष्ट जगासमोर आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की असे अचानक बंद पडण्याचे प्रकार टाळण्यासाठी आपण फोनचा वेग कमी करतो, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. लोकांना वाटत होतं, फोन जुना झाला. प्रत्यक्षात जुनी झाली होती बॅटरी. त्यानंतर कंपनीने वर्षभरासाठी बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय सेटिंगमध्ये आली. आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही ती मिळते. नवा फोन घ्यायचा विचार मनात आला की आधी तिथे जाऊन तो आकडा पाहा. ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर तुमची तक्रार फोनबद्दल नसून बॅटरीबद्दल असण्याची शक्यता मोठी आहे. बॅटरी बदलताना तिच्यावर बीआयएसची खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, तेवढं बघा. ते नसलेली बॅटरी स्वस्तात मिळते, पण मी ती कुणाच्या फोनमध्ये बसवत नाही.

नव्या फोनची बॅटरी तोलताना एमएएच हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. ५,००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास ऊर्जा. ती किती तास पुरेल हे प्रोसेसर, स्क्रीनचा उजेड आणि नेटवर्कची ताकद ठरवते. सह्याद्रीच्या कुशीतल्या ज्या गावात सिग्नलची एकच कांडी दिसते, तिथे तोच फोन शहरातल्यापेक्षा खूप लवकर उतरतो, कारण टॉवर शोधण्यात आणि त्याच्याशी बोलण्यात त्याला जास्त वीज लागते. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या नव्या बॅटऱ्यांमुळे आता पातळ फोनमध्येही ६,००० ते ७,००० एमएएच मावू लागले आहेत. ही खरी प्रगती आहे आणि प्रवासात राहणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा. पण बॅटरी किती वर्षं टिकते हे तिच्या आकाराइतकंच उष्णतेवर अवलंबून असतं. ॲपल वापरासाठी ० ते ३५ अंशांचं तापमान सांगते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतसुद्धा ते मिळत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून, वर चार्जिंग चालू ठेवून फोन उन्हात तापवला तर कितीही मोठी बॅटरी वर्ष-दीड वर्षात मान टाकते. जलद चार्जिंगचा वॅटचा आकडा लोक अभिमानाने सांगतात. मी विचारतो, चार्ज होताना फोन हातात धरवतो का? रात्रभर चार्जिंगला लावायची सवय असेल तर ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का, हे पाहून घ्या. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहणं या बॅटरीला मानवत नाही.

आता कॅमेरा. २००० साली जपानमध्ये शार्पचा जे-एसएच०४ आला, त्याचा कॅमेरा ०.११ मेगापिक्सेलचा होता. तिथून आपण २०० मेगापिक्सेलपर्यंत आलो आहोत. पण मधला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे : २०१५ च्या ६एसपासून २०२१ च्या १३ प्रोपर्यंत आयफोनचा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच होता आणि त्या काळात त्याचे फोटो दरवर्षी सुधारत गेले. उलट सॅमसंगचा २०० मेगापिक्सेलचा एस२३ अल्ट्रा घ्या. त्याचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. नेहमीचा फोटो काढताना असे १६ पिक्सेल एकत्र करून तो १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. म्हणजे दोघं फिरून एकाच ठिकाणी येतात. चार बाय सहा इंचाचा उत्तम छापील फोटो हवा असेल तर दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात.

फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. माहितीपत्रकात तो अपूर्णांकात लिहिलेला असतो आणि तिथे खालचा आकडा लहान असेल तितका सेन्सर मोठा. दोन फोन, दोन्ही ५० मेगापिक्सेलचे. एकाचा सेन्सर १/१.३ इंची, दुसऱ्याचा १/२.७६ इंची. पहिल्याचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या साडेतीन-चार पट भरतं, म्हणजे दिवेलागणीनंतर तितका जास्त प्रकाश त्याच्या वाट्याला येतो. दुकानातल्या फलकावर मात्र दोघांच्याही नावापुढे ५०च लिहिलेलं असतं.

फोन उघडला की आणखी एक गोष्ट दिसते. मागे तीन भिंगं रुबाबात बसवलेली असतात. मुख्य कॅमेऱ्याचा भाग अंगठ्याच्या नखाएवढा, जड, त्याभोवती ओआयएसच्या, म्हणजे थरथर रोखणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक गुंडाळ्या. शेजारी दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा, चिमटीत पकडताना निसटावा एवढा. बाहेरून काचेची वर्तुळं सारखीच. स्वस्त फोनवर तीन-चार कॅमेरे दिसले की त्यातला कामाचा एकच आहे, असं समजूनच किंमत तोला. त्याऐवजी एक चांगला मुख्य कॅमेरा आणि त्याला ओआयएस असलेला फोन केव्हाही बरा.

या ओआयएसबद्दल दुचाकीवाल्यांना मुद्दाम सांगतो. भिंग किंवा सेन्सर हलवून थरथर रोखणारी ही यंत्रणा फार नाजूक असते. मोटारसायकलच्या इंजिनाची तीव्र कंपनं हँडलमधून सतत पोचली तर ती बिघडू शकते, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं, आतून बारीक घरघर येते, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा विचारतो, फोन गाडीला लावता का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं. दिवसभर नकाशा पाहून डिलिव्हरी करणाऱ्या पोरांनी कंपन शोषणारा माउंट घ्यावा, नाहीतर त्या कामासाठी ओआयएस नसलेला साधा फोन ठेवावा.

कॅमेरे पारखायचे कसे? दुकानात लख्ख उजेड असतो. तिथे कुठलाही फोन छान फोटो काढतो. फोन घेऊन दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा. सोबत आलेल्याला मान हलवत बोलायला सांगा आणि तेव्हा फोटो काढा. नाईट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचून फोटो घडवतो, म्हणून स्थिर पणत्या सुरेख येतात, पण लेझीम खेळणारी मुलगी पुसट येते. सध्या आकाशकंदील लागलेले आहेत, त्यांचाही उपयोग करून घ्या. पेटलेल्या कंदिलाखाली घरातल्या कुणाला तरी उभं करा, मित्राच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या फोनवर तोच फोटो काढा आणि मोठा करून बघा. कंदिलाच्या कागदाचा रंग रंगच राहिला आहे की पांढरा पडला? चेहरा काळवंडला आहे की उगाच गोरा, गुळगुळीत केलाय? सावळा रंग सावळाच दाखवणारा फोन मला चांगला वाटतो. आपल्या माणसांना ओळखू न येण्याइतकं उजळवणारा कॅमेरा कितीही महाग असला तरी माझ्या यादीत खाली जातो.

आणि हे सगळं करण्याआधी जुन्या फोनच्या भिंगावरची काच मऊ कापडाने पुसा. काचेला ओरखडे असतील तर ती काच वेगळी बदलून मिळते. 'कॅमेरा खराब झाला' म्हणून येणाऱ्या कितीतरी फोनचं काम तेवढ्यावर भागतं.

ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल अँड्रॉइड की आयओएस हा वाद मी घालत नाही. ज्याला जे वापरायची सवय आहे ते त्याने वापरावं. साठी उलटलेल्या आईवडिलांची सिस्टीम तर कौतुकापोटीही बदलू नये; बोटांना जागा पाठ झालेल्या असतात. प्रश्न वेगळाच विचारायला हवा : या फोनला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार?

आपला फोन आता पाकीट आहे. यूपीआय त्यात, बँक त्यात, आधार त्यात. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी बुजवणारे पॅच गूगल २०१५ पासून दर महिन्याला जाहीर करतं, पण ते तुमच्या फोनपर्यंत पोचवणं कंपनीच्या हातात असतं. मुदत संपली की फोन चालत राहतो, फक्त भोकं बुजणं थांबतं. पुढे एकेक ॲप सोडून जातं. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ पेक्षा जुन्या सिस्टीमवर चालणं बंद केलं, तेव्हा आयफोन ६ सारखे फोन एका दिवसात अनेकांच्या दृष्टीने निरुपयोगी झाले. त्यातल्या कित्येकांचा कॅमेरा, स्क्रीन, सगळं ठणठणीत होतं.

गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन दिलं. महागड्या फोनपुरतंच हे आहे असं नाही. सॅमसंगच्या ए१६ सारख्या परवडणाऱ्या फोनलाही सहा वर्षं सांगितलेली आहेत. आयफोनला साधारण सहा-सात वर्षं नवी आवृत्ती मिळत आली आहे : २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस २०२५ च्या आयओएस २६ मधून वगळले गेले. दुसरीकडे आजही असे फोन विकले जातात, ज्यांची मुदत दोन-तीन वर्षांत संपते.

इथे एक मेख आहे. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं, तेव्हा त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आधीच सरलेली असतात. सात वर्षांचं आश्वासन असेल तर पाच उरतात आणि सौदा चांगलाच आहे. तीनच वर्षांचं असेल तर एकच वर्ष हातात येतं. किंमत भागिले उरलेली वर्षं, एवढा साधा भागाकार करून पाहा. पुष्कळदा महाग वाटणारा फोन स्वस्त निघतो.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनसाठी नियम केले आहेत. ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. एका चार्जमध्ये फोन किती तास चालतो, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे तिथे खोक्यासोबतच्या लेबलवर छापून येतं. ती माहिती सगळ्यांना ऑनलाइन पाहता येते, तेव्हा आपल्या मनातल्या मॉडेलची जरूर बघा. फक्त भारतात त्याच नावाच्या फोनची बॅटरी कधी कधी वेगळ्या क्षमतेची असते, तेवढं ताडून घ्या.

आपल्याकडे खोक्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापावं लागतं. त्याच ओळीत सुरक्षा अपडेटची शेवटची तारीखही छापली गेली पाहिजे. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी, अशी माझी विनंती आहे. आणि तोवर या दिवाळीत फोन घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला मेगापिक्सेल विचारण्याआधी ती तारीख विचारा. त्याला सांगता आली नाही, तर कंपनीच्या साइटवर त्याच्यासमोरच शोधायला सांगा. ती सापडेपर्यंत पैसे देऊ नका.