ग्वांगह्वामुन ते जामसिल : पुसलेल्या ध्वजाची शर्यत

शाळेत असताना एका प्रश्नमंजुषेत मला विचारले गेले, '१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील मॅरेथॉन कोणत्या देशाने जिंकली?' मी 'जपान' असे उत्तर दिले आणि पूर्ण गुण मिळवले. अधिकृत नोंदीनुसार ते उत्तर आजही बरोबर आहे. तरी ते आठवले की मला संकोच वाटतो. त्याचे कारण सोल शहरात आहे.

सोलमध्ये दरवर्षी मार्च महिन्यात मॅरेथॉन होते. धावपटू जुन्या शहरातील ग्वांगह्वामुन परिसरातून निघतात आणि ४२.१९५ किलोमीटर धावून हान नदीच्या दक्षिणेला, जामसिल येथे पोहोचतात. तेथील ऑलिंपिक स्टेडियम १९८४ मध्ये खुले झाले. वास्तुविशारद किम सू-गन यांनी त्याची वळणे जोसन राजवटीतील पांढऱ्या चिनी मातीच्या कुंभावरून घेतली. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्स, फुटबॉलचा अंतिम सामना, इतकेच काय, घोडेस्वारीची एक अंतिम फेरीसुद्धा येथेच झाली.

ही शर्यत भरवते 'दोंग-आ इल्बो' हे वृत्तपत्र. आरंभ १९३१ चा. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. त्या सुरुवातीच्या वर्षांत या शर्यतीत धावलेला शिनुइजूचा एक गरीब तरुण म्हणजे सोन गी-जंग.

९ ऑगस्ट १९३६ रोजी त्याने बर्लिनची मॅरेथॉन २ तास २९ मिनिटे १९ सेकंदांत जिंकली. छातीवर जपानचा ध्वज होता आणि नावही जपानी उच्चाराने नोंदवलेले, 'सोन किते'. विजयमंचावर तो मान खाली घालून उभा राहिला. विजेत्याला मिळालेले ओकचे रोपटे त्याने छातीशी असे धरले, की ध्वज झाकला जावा. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. आपल्याला सोनच्या सुवर्णपदकाचा नव्हे, त्या रोपट्याचा हेवा वाटला, असे तो पुढे सांगत असे. (त्याच बर्लिनमध्ये, त्याच महिन्यात, आपल्या हॉकी संघाने अंतिम सामन्यापूर्वी खोलीत गुपचूप काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले होते. पारतंत्र्यातील खेळाडूंना असे आडोसे शोधावेच लागत.)

२५ ऑगस्टला 'दोंग-आ इल्बो'ने विजेत्याचे छायाचित्र छापले. त्यात छातीवरचा ध्वज पुसून टाकलेला होता. पत्रकारांना अटक झाली आणि वृत्तपत्र सुमारे नऊ महिने बंद राहिले. त्याची जुनी इमारत ग्वांगह्वामुन चौकातच आहे. म्हणजे सोलचे धावपटू आज जेथून निघतात, त्याच परिसरात हे घडले.

ऑलिंपिकच्या यादीत अजूनही 'सोन किते, जपान' असेच आहे. ती नोंद बदलावी, असे मला पूर्वी ठामपणे वाटे. आता तितकेसे वाटत नाही. 'जपान' हा शब्द खोडला, तर एका साम्राज्याने धावपटूचे नावसुद्धा हिरावले होते, हा पुरावाही खोडला जाईल. वृत्तपत्राने ध्वज पुसला तो जिवावर उदार होऊन. आज आपण बसल्या जागी पुसणे ही वेगळी गोष्ट. नावापुढे त्याचे कोरियन नाव आणि देश अवश्य लिहावा, पण जुने झाकू नये. अनेक कोरियन वाचकांना हे पटणार नाही, आणि त्यांचा तो अधिकार मला मान्य आहे.

१७ सप्टेंबर १९८८. जामसिलच्या स्टेडियममध्ये उद्घाटनाचा सोहळा चालू होता. मशाल घेऊन आत आला तो ७६ वर्षांचा सोन गी-जंग. पोशाख पांढरा, छातीवर लपवण्याजोगे काहीही नाही. या वयाच्या माणसाने संथपणे धावावे, अशीच अपेक्षा असणार. तो मात्र हात उंचावून, लहान मुलासारखा उड्या मारत धावला.