कोपरातलं भोक

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, सप्तमातृकांच्या पलीकडे काळाचा सापळा कोरलेला आहे. सहाव्या शतकातल्या त्या शिल्पकाराला सापळा ओळखू येण्यापुरत्या बरगड्या पुरे होत्या. मी मात्र आयुष्यभर नेमाला न जुमानणाऱ्या हाडांमागे लागलो. मोठेपणीही न बुजलेली कपाळाची शिवण, कवटीच्या मागच्या शिवणीत रुतलेली सुटी हाडं, उकिडवं बसून घोट्याशी उमटलेल्या खुणा.

पण सोडत नाही ते एक भोक. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या खळग्यात, हाड कागदासारखं पातळ असतं. काहींच्यात तिथे आरपार भोक असतं. बायकांत जास्त, डाव्या हातात जास्त. तोच पडदा मातीच्या दाबानेही फुटतो. अंगचं भोक कोणतं, जमिनीने पाडलेलं कोणतं? कड गोलसर, गुळगुळीत असेल तर अंगचं. खरबरीत असेल तर फुटलेलं. पण चुनखडीचं कवच चढलं की दोन्ही कडा सारख्याच दिसतात, आणि कवच काढायला जावं तर पडदाच हातात येतो.

मला माझ्या तर्जनीचा गर्व होता. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचं आणि निकाल द्यायचा. समोर चार जण असले की अंगावर मूठभर मांस चढायचं. मधुमेहाने ते बोट आता बधिर झालंय. माझी विद्यार्थिनी भिंगाखाली कड बघते आणि वहीत तिसरा रकाना ठेवते: ‘ठरवता येत नाही’. तो रकाना मला अजून खुपतो.

घोडनदीकाठच्या इनामगावात, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घरांच्या जमिनीखाली माणसं मिळाली. मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, मोठ्यांची पावलं तोडलेली. म्हणजे उकिडवं बसण्याची पावलाकडची निम्मी खूण तिथे मिळतच नाही. लुकाच आणि वाळिंबे या अभ्यासकांनी त्या हाडांवर 1986मध्ये अख्खा खंड लिहिला. तेवढा धीर आता दिसत नाही. आतल्या कानाभोवतीचं हाड डीएनएसाठी कोरायचं आणि बाकीचा माणूस खोक्यात. दुसरे घाईवाले एका घराखालच्या दोघांना सारखं भोक दिसलं की लगेच त्यांना भाऊबहीण ठरवतात.

खोदणाऱ्यांना एवढीच विनंती: कोपराच्या खळग्यातली माती जागेवर टोकरू नका. हाडासकट, तशीच पाठवा.