जुन्या बाजारातली ‘पेशवेकालीन’ तलवार

“ताई, शनिवारवाड्यातली आहे! अस्सल पेशवेकालीन! तुम्हाला म्हणून साडेचार हजार!”

रविवार, सकाळचे अकरा. मंगळवार पेठेतला जुना बाजार. एका बाजूला ड्रिल मशिन्स, दुसऱ्या बाजूला तांब्याचे बंब, मध्ये काटे नसलेली घड्याळं. आणि विक्रेत्याने गोणपाटातून हळूच बाहेर काढलेली, लालसर गंज चढलेली एक तलवार. खरं सांगते, माझा हात पर्सकडे गेला होता. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या काकांनी खिशातून भिंग काढलं, मुठीच्या तोंडाशी दोन सेकंद धरलं आणि म्हणाले, “ट्रकचा पाटा आहे गं. चल, चहा घेऊ.”

हे काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी नोकरी झाली आणि सोबत तीस वर्षं जुन्या शस्त्रांचा छंद. बाजारात घेऊन जा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते, पण त्यांची एक अट होती. आधी म्युझियम, मग बाजार. मी अट ऐकली, पण उलट्या क्रमाने! त्याची शिक्षा म्हणून चहाचे पैसे मी दिले.

आता तुम्ही विचाराल, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या मुलीला तलवारींचं हे खूळ आलं कुठून? त्यामागे एक गुन्हा आहे. माझाच.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी देवघराशेजारच्या खुंटीला एक तलवार आहे. पणजोबांच्याही आधीपासूनची, एवढीच माहिती. दरवर्षी खंडेनवमीला खाली उतरते, हळदकुंकू लागतं, पुन्हा खुंटीवर. दोन वर्षांपूर्वी नवमीला मी गावी होते. तलवार काळपट दिसत होती. उत्साहाच्या भरात चिंच लावली, मग रांगोळी, आणि तरी समाधान होईना म्हणून पॉलिश पेपर. तासाभरात मूठ स्टीलच्या ताटासारखी चकचकीत! फोटो काढले, मिरवले. त्यातला एक फोटो काकांनी पाहिला. बराच वेळ बोललेच नाहीत. मग ‘घासायच्या आधीचा’ फोटो मागितला. तो मोठा करून दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं... मुठीवर बारीक पिवळसर वेल होती. खाचा पाडून त्यात ठोकून बसवलेली सोन्याची तार. कोफ्तगारी म्हणतात तिला. माझ्या फोटोत ती वेल नव्हती. रांगोळीबरोबर मोरीतून वाहून गेली होती.

त्यामुळे काकांचा पहिला नियम मी कुणालाही फुकट सांगते: जुनं शस्त्र हाती आलं की काहीही करू नका. घासू नका, उजळू नका, धार तर मुळीच लावू नका. तो काळपट थर म्हणजे घाण नव्हे, वय आहे. लाल, सुटा गंज वेगळा, तो थांबवावा लागतो, पण तेही जाणत्या माणसाला दाखवून. तुम्ही करायचं ते इतकंच: मऊ सुती कापड, पातळ मशिन ऑइलचा हलका हात, आणि उचलताना हातमोजे. बोटांच्या घामानेही पोलादावर ठसे उमटतात. आणि पावसाळ्यात तलवार म्यानात कोंबून ठेवू नका. चामडं आणि लाकूड ओल धरून ठेवतात.

चहानंतर काका मला थेट बाजीराव रोडवर घेऊन गेले. नातूबागेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. शाळेच्या सहलीत पाहिलंय म्हणून आपण सगळेच ते ‘पाहिलेलं’ समजतो! पण छंद लागल्यावर जाऊन बघा. हे म्युझियम म्हणजे मुळात एका माणसाचं खूळ आहे. दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे. १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला लागले, १९६०पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास गेले आणि पुढे सगळं राज्य सरकारला देऊन मोकळे झाले. राजा हे त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं नाव. हे माहीत असलं की दारावरची पाटी वेगळी वाचली जाते.

शस्त्रांच्या काचेसमोर काकांनी मला पाऊण तास उभं केलं. “पातं बघू नकोस, मूठ बघ.” आपल्याकडच्या तलवारीच्या मुठीला मागे बशीसारखी चकती असते आणि आतली जागा आश्चर्य वाटावं इतकी लहान. लोकांना वाटतं, पूर्वीची माणसं बुटकी होती. तसं नाही. मूठ हाताला घट्ट बसावी, मनगट फार वळू नये आणि वार ओढून कापणारा व्हावा, म्हणून ती तशी आहे. बोटांवरून वळून येणारी ती कमान म्हणजे परज. काही तलवारींना असते, काहींना नसते. पातं मुठीत बसतं ते लाख-राळेच्या चिकट मिश्रणाने. म्हणून मुठीच्या तोंडाशी वेल्डिंगची रेघ दिसली की समजायचं, ‘पेशवेकालीन’ तलवार गेल्या वर्षी जन्मली. बाजारात काकांनी दोन सेकंदांत पाहिलं ते हेच.

वजनाचंही तसंच. खरी लढाईतली तलवार साधारण किलोभराची. कुणी तीन किलोचं धूड हातात देऊन ‘सरदारांची आहे’ म्हणालं, तर नमस्कार करून पुढे चला.

पोलादाची गोष्ट काकांच्या खास प्रेमाची. काही पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते. मुशीत बनवलेल्या जास्त कार्बनच्या पोलादातून, ठोकता ठोकता आपोआप उमटते. हे पोलाद दख्खन आणि दक्षिण भारतातून इराणपर्यंत जात असे. आणि उलट दिशेने? युरोपातली पाती इकडे येत. सरळ, लांब विलायती पातं आणि आपली मूठ अशी जोडणी झाली की ती ‘फिरंग’. नागपूरकर रघूजी भोसल्यांची जी तलवार राज्य सरकारने २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिचं पातंही युरोपीय बनावटीचं आणि त्यावर देवनागरीत नाव. इम्पोर्टेड माल, लोकल ब्रँडिंग... आपण काही नवीन करत नाही आहोत!

नकलांचा राग धरायचं मात्र कारण नाही. उदयपूरला आजही कोफ्तगारी करणारे कारागीर आहेत आणि त्यांचं काम नवं म्हणून घेतलं तर झकास आहे. भिंतीवर लावायचीच असेल तर तेच घ्या. फसवणूक सुरू होते ती त्याला अॅसिडने गंजवून दोनशे वर्षांचं केल्यावर. अॅसिडचा गंज सगळीकडे सारखा दिसतो. काळाचा गंज जागा निवडतो.

आता कंटाळवाणा पण महत्त्वाचा मुद्दा, कायदा. “ती तलवार गोणपाटात का होती, विचारलंस का?” काकांनी मला विचारलं. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली तलवारी आणि नऊ इंचांहून लांब पाती शस्त्रातच मोडतात. शिवाय शहरात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात. तलवार स्कूटीला अडकवून ‘अँटिक आहे हो’ हे चौकीत समजावत बसणं काही रोमँटिक नाही. आधी पोलिस ठाण्यात विचारा, मग घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात येते. तिच्या विक्रेत्याला परवाना लागतो, तो दाखवा म्हणा आणि पावती घ्या. तुम्हाला ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा ऑनसाइटला जाताना बॅगेत आजोबांची कट्यार नको.

मी अजून काहीच विकत घेतलेलं नाही. भिंग, लोहचुंबक, मोजपट्टी आणि एक वही एवढीच गुंतवणूक. वहीच्या पहिल्या पानावर घरच्याच तलवारीची नोंद आहे: पात्याची लांबी, वजन, मुठीचं चित्र आणि जिथे सोन्याची वेल होती तिथे पेन्सिलीची तुटक रेघ. परजेच्या आतल्या बाजूला, जिथे माझा पॉलिश पेपर पोहोचला नव्हता, तिथे भिंगातून वेलीची अडीच पानं अजून दिसतात. मी मोजलीत.

गेल्या खंडेनवमीला गावी गेले तेव्हा आजी चिंच भिजत घालूनच बसली होती. यंदा घासायचं नाही, म्हटल्यावर तिने चष्म्यावरून पाहिलं. “अगं, मग पूजा कशाची करायची? गंजाची?”

बरीच वाटाघाट झाली. शेवटी तलवारीला तेलाचा हात मिळाला आणि हळदकुंकू म्यानाला. चिंचेची आमटी झाली.